आधी कंबर कोण सरळ करणार? भिसेगाव ते माथेरान, चार दिवस

आणि वर मलाच सांगतात, दुखणं मनात असतं म्हणून. मनात! सहा वर्षं झाली, सकाळी उठताना आधी कुशीवर वळते, मग हात टेकते, मग देवाचं नाव घेते आणि मग उठते, हे सगळं मनात चाललंय होय? एक डॉक्टर म्हणाला वजन कमी करा. दुसरा म्हणाला मणका झिजलाय, वाकू नका. भातशेतीवाल्या बाईला वाकू नका! मग लावणी काय काठीनं करू? एकानं पट्टा दिला, तो उन्हाळ्यात बांधला की पोटभर घामोळं येतं. शेजारीण म्हणाली कोणीतरी करणी केलीय. आमचे हे म्हणतात वय झालं. वय ह्यांचंही झालंय, ह्यांची कुठं दुखते? आणि सगळ्यांवर कडी म्हणजे भिसेगावची माझी धाकटी बहीण मंदा. फोन करून म्हणते, "सुरे, इथं एक शिबिर हाय. दुखण्याकडं बघायला शिकवतात."

मी म्हटलं, "सहा वर्षं दुसरं काय बघतेय मी?"

तरी गेले. ज्या बाया हे पान आधीपासून वाचतात त्यांना ठाऊक आहे, हे मंदाच्या मुलीनं काढून दिलंय. मी फोनात बोलते, फोन लिहितो, मग मी चुका काढते. सहावी शिकलेल्या बाईला जेवढ्या सापडतात तेवढ्या. आधी देवाच्या सहली लिहिल्या, ही सहल कंबरेची आहे. जिची दुखते तिनं शेवटपर्यंत वाचा. जिची दुखत नाही तिनंही वाचा, कारण पुढं तुमच्याकडंच मागणं आहे.

का गेले ते सांगते. राब भाजून झालाय, म्हणजे रोपांचे वाफे पालापाचोळा जाळून तयार आहेत, पेरणी तोंडावर आहे, त्यानंतर लावणी. आमच्या गावात लावणी सावडीनं होते. आज सगळ्या बाया तुझ्या शेतात, उद्या सगळ्या माझ्या. मजूर मिळत नाही, मिळाला तर थांबत नाही. म्हणजे मी दुसरीच्या शेतात उभी राहिले तरच माझं शेत लागणार. गेल्या पावसाळ्यात शेवटचे तीन दिवस मी गोळ्या खाऊन काढले आणि घरी येऊन चुलीपाशी आडवी झाले. ह्या वर्षी उभं राहता येईल का, एवढं एकच बघायला मी गेले.

गुरुवार. गाव ते भिसेगाव

निघताना ओटीवर बसलेले आमचे हे म्हणाले, "कुठं चाललीस?"

"बसायला."

"बसायला कर्जतला कशाला? ही ओटी काय वाईट हाय?"

मी पिशवी उचलली. पिशवीत दोन साड्या, गोळ्या, पट्टा, आणि सुकटीची चटणी. शिबिरात बिनमसाल्याचं असतं असं मंदानं सांगून ठेवलं होतं.

आमचं गाव खोपोलीच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. फाट्यावर येऊन टमटम धरली. कंबरवाल्यांनी लक्षात ठेवा, टमटममध्ये मागं उलट्या बाजूला बसू नका, प्रत्येक गतिरोधक सरळ मणक्यात येतो. पुढं ड्रायव्हरशेजारी बसा. मी बसले, तर आणखी एक पोरगी आत घुसली.

"मावशी, जरा सरका की."

"कुठं सरकू? रस्त्यावर?"

ड्रायव्हर हसला. "मावशी, सगळ्यांना जायचं हाय."

"मला पण जायचं हाय, पण एका तुकड्यात."

पळसदरीपर्यंत रस्ता बरा आहे. पुढं जिथं खोदून ठेवलाय तिथं मी दोन्ही हातांनी वरचा दांडा धरून, दात आवळून, श्वास कोंडून बसले होते. ही गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. दोन दिवसांनी कळली, म्हणून इथं लिहून ठेवते.

कर्जतला उतरून वडा खाल्ला. चटणीत दम होता. मग चालत भिसेगाव. मंदाचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी बत्तीस पायऱ्या चढले, वर पोचले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मंदा दारातच म्हणाली, "सुरे, तू दोन दिवस तोंड मिटून बसशील? पैज लावते, उद्या जेवणापर्यंत कोणाशी तरी भांडून येशील."

"तोंड मिटायचं असतं तिथं?"

"तुला सांगितलं नव्हतं काय?"

नव्हतं सांगितलं. मुद्दाम.

शुक्रवार. पायथ्याशी

जागा कर्जतहून नेरळच्या रस्त्याला, आत वळून माथेरानच्या पायथ्याशी. मंदाच्या दिराच्या रिक्षानं गेले. तुम्ही गेलात तर कर्जत स्टेशनाबाहेरून रिक्षा ठरवून घ्या, आत वाहन मिळत नाही. एका ट्रस्टची जुनी इमारत आहे, पत्र्याचं मोठं दालन, दोन्ही बाजूंना आंब्याची झाडं. राहायचं, जेवायचं, शिकवायचं मिळून जे द्याल ते, पेटीत टाकायचं. सोयींचं मात्र आधी विचारून घ्या. पाठदुखीवाल्यांचं शिबिर आणि कमोड एकच! सकाळी त्याच्यापुढं अशी रांग की रांगेतच अर्धं दुखणं वाढावं. झोपायला खाली गाद्या. मी सरळ सांगितलं, खाली झोपले तर उद्या मला क्रेननं उचला. मग ऑफिसातून एक लोखंडी खाट आली.

शिकवणाऱ्या सुमेधाताई. साठी ओलांडलेल्या, आयुष्य नर्स म्हणून गेलं, राहतात भिसेगावातच. पहाटे एकट्या बसून हळू आवाजात बुद्धवंदना म्हणतात, ती त्यांची स्वतःची, आम्हाला कोणाला म्हणायला लावली नाही. स्वतःच्या हातांची बोटं सांधेदुखीनं वाकडी झालेली. ते पाहून मला जरा बरं वाटलं. ज्याचं दुखत नाही त्यानं दुखण्यावर बोललेलं मला सोसत नाही.

सुरुवातीलाच त्या म्हणाल्या, "इथं दुखणं जाणार नाही. ज्यांना घालवायचंय त्यांनी रिक्षा उभी आहे तोवर निघा. आणि डॉक्टरच्या गोळ्या कोणी बंद करायच्या नाहीत."

मी मनात म्हटलं, बाई खरी बोलते.

तोंड मिटायचं ते फक्त डोळे मिटून बसताना, एरवी बोललेलं चालत होतं. माझ्या डाव्या हाताला गणपतभाऊ बसले होते. माथेरानला हातरिक्षा ओढतात. आयुष्यभर लोकांना चढावर ओढून गुडघे गेलेत. मी विचारलं, "अजून ओढता?"

"ओढतो की. आता ई-रिक्षा आल्यात. गुडघे गेल्यावर आल्या, आधी आल्या असत्या तर गुडघे ऱ्हायले असते आणि धंदा गेला असता. काय तरी एक जाणारच व्हतं."

मग बसायचं सुरू झालं. डोळे मिटा, श्वास येतो-जातो तो बघा, जिथं दुखतं तिथं लक्ष न्या, पण त्याच्याशी मारामारी करू नका. खुर्ची हवी त्यांनी खुर्ची घ्या. पाऊण तास.

मी खुर्ची घेतली नाही. गणपतभाऊंनी घेतली नाही ना. मांडी घातली, डोळे मिटले. दहा मिनिटांत कंबरेत सुरा फिरायला लागला. एक डोळा किलकिला करून बघितलं, गणपतभाऊ पुतळ्यासारखे. म्हटलं, हा बाबा हलत नाही तोवर मी हलणार नाही. घाम पाठीवरून ओघळला. उजवा पाय आधी मुंग्यांनी भरला, मग तो माझा राहिलाच नाही. श्वास कसला बघते, मी गणपतभाऊंना बघत होते. एकदा आमची नजरानजर झाली. त्यांचाही एक डोळा उघडा होता! दोघांनी झटकन मिटले.

घंटा वाजली. सगळे उठले. आम्ही दोघं तिथंच. मला पुढं होता येईना, मागं होता येईना. गणपतभाऊ दोन्ही हातांनी स्वतःचा पाय उचलून सरळ करत होते, लाकडाचा ओंडका उचलावा तसा.

सुमेधाताई येऊन उभ्या राहिल्या. "कोण जिंकलं?"

गणपतभाऊ म्हणाले, "ह्या बाई आधी हलतील म्हणून मी थांबलो व्हतो."

"मी तुमच्यासाठी थांबले व्हते!"

"मी कोणाला म्हटलं होतं, हलायचं नाही?" सुमेधाताई माझ्याशेजारी खाली बसल्या, त्याही हात टेकत टेकत. "सुरेखाताई, तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

शिकवायला कशाला पाहिजे? आमच्याकडं लावणीला पात लागते. सगळ्या बाया एका ओळीत वाकून रोपं लावत लावत मागं सरकतात. पात बांधाला लागेपर्यंत कोणी कंबर सरळ करायची नाही. तशी कोणी ताकीद देत नाही, पण जी आधी उभी राहते तिला सगळ्या मिळून बोलतात. "काय गं, खुर्ची आणू काय?" "नवरी दमली बघा!" "म्हातारे, घरी जाऊन माळ वढ!" त्या बोलण्याच्या भीतीनं सोळा वर्षांच्या पोरीपासून साठीच्या बाईपर्यंत सगळ्या वाकलेल्या. आणि आमच्या पातीच्या टोकाला, जिच्या वेगानं बाकीच्यांनी सरकायचं त्या जागेवर, गेली अठरा वर्षं मी आहे. जास्तीत जास्त मीच बोलते. माझ्या तोंडाला गाव भितं, हे मी अभिमानानं सांगत आलेय.

तेही सांगितलं सुमेधाताईंना. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या झोपून करा. झोपल्यावर कोणाला हरवायचं ते मला सांगा."

जेवणाला मुगाची खिचडी आणि दुधीची भाजी. मीठही मोजून. मी पिशवीतली सुकटीची चटणी काढली, तर वास सगळ्या दालनात. वाढणारी बाई आली, "ताई, इथं चालत नाय हे." मी बंद केली. पण त्याआधी गणपतभाऊंच्या ताटात एक चिमूट पोचली होती.

शनिवार. आडवी पडून

शनिवारी सकाळी सगळ्यांना सतरंजीवर आडवं केलं. गुडघ्यांखाली उशी. हे एक घरी करण्यासारखं आहे, आजच करा. पाठीवर पडून गुडघ्यांखाली घडी केलेली गोधडी घ्यायची, कंबर निम्मी सुटते.

सुमेधाताई बोलत होत्या, आम्ही लक्ष फिरवत होतो. पायाचा अंगठा. टाच. पोटरी. अंगठ्याकडं मी उभ्या जन्मात कधी लक्ष दिलं नव्हतं, काटा रुतला तरच. कंटाळा आला. पलीकडं कोणीतरी घोरायला लागलं. पत्रा तापत होता, बाहेर कावळे, माझ्या डोक्यात घरची म्हैस, ह्यांनी पेंड घातली असेल का. सुमेधाताई म्हणाल्या, मन गेलं तर जाऊ द्या, परत आणा, रागवू नका. म्हशीला आणतो तसं आणलं परत. पुन्हा गेलं. पुन्हा आणलं. ह्याला मेहनतच म्हणावं, फक्त दिसत नाही.

मग कंबर. "बघा," त्या म्हणाल्या, "दुखणं एकसारखं आहे का? कुठं जास्त, कुठं कमी? गरम आहे, ओढ आहे, का ठणका?"

मला वाटायचं तिथं एक धोंडा आहे. बघितलं तर धोंडा नव्हता. उजवीकडं रुपयाएवढी जागा जळत होती. तिच्याभोवती ओढ होती. मध्येच एखादा श्वासभर काहीच नव्हतं, आणि मग पुन्हा. सहा वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं की मधे काही नसतं.

"आता जबडा बघा."

दात आवळलेले! मी आडवी, गुडघ्यांखाली उशी, कोणी काही मागत नाही, आणि माझे दात असे आवळलेले की कानापर्यंत शीर तटतटलेली. पोटही आत ओढलेलं. श्वास तर अर्धाच.

सुमेधाताई माझ्या डोक्याशी आल्या होत्या बहुतेक, आवाज जवळून आला. "कोणासाठी आवळलेत दात? सोडा. बघा, काय होतं."

सोडले. कंबरेतलं जळणं गेलं नाही. भोवतालची ओढ थोडी सैल झाली, चार आण्यांएवढी. पण दात सोडले आणि भलतंच वर आलं. ते लिहायचं का नाही ह्यावर मी तीन दिवस घालवलेत. लिहिते.

कमळ माझी जाऊ. धाकट्या दिराची बायको. आमचं घर एकच होतं, मधे भिंत घालून दोन केली. तीन वर्षांपूर्वी तिच्याच शेताची लावणी, पात अर्ध्यात. माझ्या कंबरेत आग लागली होती, डोळ्यांपुढं चिखल हलत होता. मी मनात देवाला म्हणत होते, कोणीतरी उभं राहू दे रे, कोणीतरी आधी उभं राहिलं की मलाही राहता येईल. आणि कमळ उभी राहिली. दोन्ही हात कंबरेवर ठेवून नुसती सरळ झाली.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "काय गं कमळे, ह्या वयात पोटात हाय काय?"

सगळ्या फुटून हसल्या. कमळला मूल नाही. हे पातीतल्या प्रत्येकीला ठाऊक, मला सगळ्यांत जास्त. ती वाकली, आणि पात बांधाला लागेपर्यंत पुन्हा वर आली नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठू शकली नाही. त्या वर्षापासून ती सावडीत येत नाही, शेत खंडानं दुसऱ्याला कसायला देते, आणि मधल्या भिंतीपलीकडून माझ्याशी एक शब्द नाही.

मी आजवर सगळ्यांना सांगत आले की कमळ नाजूक आहे, चेष्टा सोसत नाही तिला. सतरंजीवर पडून मला कळलं की त्या दिवशी मीही उभी राहणार होते. तिला क्षणभर उशीर झाला असता तर तिच्या आधी. माझे पाय तयार होते. फक्त ती आधी राहिली म्हणून बायांच्या बोलण्यातून मी सुटले, आणि सुटले तर तिलाच चावले.

मी रडले नाही. कंटाळा आला माझा मला, एवढंच. थकवा म्हणतात तो हाच असावा, काम न करता आलेला. शेजारी गणपतभाऊ आडवे होते, त्यांनी डोळे मिटूनच हळू विचारलं, "बाई, म्हैस आठवली काय?"

"म्हैसच समजा."

रविवार. माथेरान

शेवटच्या दिवशी ज्यांना जमेल त्यांनी माथेरानला चालायचं. नुसतं चालायचं, पावलाकडं लक्ष देऊन. नेरळहून वर शेअर टॅक्सी मिळते, माणशी शंभराच्या आसपास, विचारून बसा. मिनी ट्रेनची तिकिटं उन्हाळ्यात मिळत नाहीत, तिच्या आशेवर राहू नका. वळणं अशी आहेत की पोटातलं वर येतं, पुढची सीट मागून घ्या. दस्तुरीला गाडी संपते, आत येण्याची पावती फाडायची, आणि मग घोडा, हातरिक्षा नाहीतर आपले पाय.

घोडेवाले मागं लागले. "मावशी, घोडा?"

"माझी कंबर बघ, मग घोडा विचार."

"मग तर घोडाच बरा!"

गणपतभाऊ त्याला म्हणाले, "जा रं, आमच्यातली हाय." त्यांच्या ओळखीवर आम्ही सुटलो.

रेल्वेच्या रुळांच्या कडेनं लाल मातीतून चाललो. सुमेधाताई पुढं, आम्ही सात-आठ जण मागं. टाच टेकते, तळवा टेकतो, अंगठा टेकतो. माझी चाल म्हणजे चूल विझत असल्यासारखी, ती आवरता आवरता जीव मेटाकुटीला आला. बाजूनं मुंबईची पोरं मोठ्यानं गाणी लावून पुढं गेली, माकडानं एकाच्या हातातलं वेफर्सचं पाकीट नेलं. करवंदवाली बाई पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसली होती, दोन द्रोण घेतले. एक खाल्ला, एक पिशवीत ठेवला. कोणासाठी ते तेव्हा स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

एका चढावर हातरिक्षा आली. पुढं एक ओढणारा, मागं दोघं ढकलणारे, आत एक आजोबा छत्री धरून. मध्यावर पुढच्यानं हाक दिली, "थांब!" आणि तिघं थांबले. कोणी कोणाकडं बघितलं नाही. दहा-बारा श्वास घेतले, पुन्हा निघाले.

मी गणपतभाऊंना विचारलं, "पुढचा दमला वाटतं."

"पुढचा नाय. मागचा डावीकडचा दमला. त्याचा श्वास ऐकला नाय का तुमी?"

"मग तो का नाय बोलला?"

"तो कशाला बोलंल? आमच्यात मागच्याला बोलायला लागू देत नाय. पुढच्यानं कान मागं ठेवायचा आणि आपणच थांब म्हणायचं. मागचा बोलला म्हणजे पुढच्याची लाज."

"आणि कोणी हसत नाय?"

गणपतभाऊ थांबले, गुडघा चोळला. "हसून काय, रिक्षा पलटी करायची? आत माणूस हाय ना बाई."

"मग परवा माझ्याशेजारी पाऊण तास पुतळा का झाला व्हता?"

"तिथं रिक्षा कुठं व्हती?" ते म्हणाले, आणि दोघं हसलो. हसताना कंबर दुखली. दुखली तेव्हा दात आवळले गेले, मी ते बघितलं, सोडले. शिबिरातून मी काय आणलं विचाराल तर एवढंच आणलं.

एका कड्यावर थोडं बसलो. खाली सगळा मुलूख दिसतो, तापून धुरकट झालेला, वाफ्यांमधे भाजलेल्या राबाचे काळे तुकडे. शेतं वरून तळहाताएवढी दिसतात. एवढ्याशा तुकड्यात आम्ही एकमेकींच्या कंबरा मोडतो. परतीला दस्तुरीपर्यंत पुन्हा चालत, नेरळ, कर्जत, आणि दिवेलागणीला घरी.

घरी

आमचे हे ओटीवरच होते. "बसून आलीस?"

"आले."

"गेली काय कंबर?"

"इथंच हाय."

हे खरं आहे, म्हणून लिहिते. चमत्कार शोधत असाल तर जाऊ नका. सकाळी मी अजून कुशीवर वळूनच उठते. भाकरी थापताना तिसऱ्या भाकरीला दुखतं, पण आता तिसरीला थांबते, पाठ सरळ करते, चार श्वास घेते आणि चौथीला हात लावते. आधी बाराही एका दमात थापायची आणि मग दुपारभर कण्हायची. रोज वीस मिनिटं आडवी पडते. ह्यांना वाटतं झोपते. वाटू दे.

माथेरानहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी करवंदांचा द्रोण घेऊन कमळच्या दारात गेले. ती अंगण झाडत होती. झाडू थांबला.

"काय हाय?" तीन वर्षांतले पहिले दोन शब्द.

मला बोलायचं होतं. ज्या तोंडाला गाव भितं ते तोंड उघडेना. मी म्हटलं, "माथेरानची करवंदं हायत."

"मला आंबट चालत नाय," ती म्हणाली आणि झाडायला लागली. एका हातानं झाडत होती, दुसरा कंबरेवर. मला तो हात ओळखीचा वाटला, माझाही तिथंच असतो. द्रोण तिच्या ओट्यावर ठेवून आले. संध्याकाळी बघितलं तर तिथंच होता, मुंग्या लागलेल्या.

तोंडानं जमलं नाही म्हणून इथं लिहिते. सावडीतल्या चौघींच्या फोनात हे पान उघडतं, मला ठाऊक आहे, आणि बाकीच्यांना त्या वाचून दाखवतात. कमळला तिची भाची दाखवते, तेही ठाऊक आहे.

तर बायांनो, ऐका. येत्या मंगळवारी सावडीची बैठक आहे, कोणाची पेरणी कधी आणि कोणाचं शेत आधी ते ठरणार. त्याआधी हे ठरलं पाहिजे. ह्या वर्षी पात अर्ध्यावर आली की मी टोकावरून थांब म्हणणार. मी आधी उभी राहणार, आणि सगळ्यांनी उभं राहायचं, पोरीबाळींनी आणि म्हाताऱ्यांनी सुद्धा. दहा श्वास, मग पुन्हा वाकायचं. कोणी कोणाला काही बोलायचं नाही, आणि बोलायचंच असेल तर मला बोला, माझं अठरा वर्षांचं देणं आहे. हे पटत नसेल तर टोकावर दुसरी उभी करा. मग मी पातीत येणार नाही आणि माझ्या शेतातही येऊ नका, पडीक राहिलं तर राहू दे. हो का नाही, ते प्रत्येकीनं सोमवारी दिवस मावळायच्या आत मला सांगायचं. एकमेकींकडं बघून नाही, आपली आपली.

आणि कमळ. त्या दिवशी तू उभी राहिलीस ते बरोबर केलंस. मीही राहणार होते. तू आधी राहिलीस म्हणून मी तसं बोलले, आणि जे बोलले ते कोणत्याच बाईला कोणी बोलू नये. चुकले. हे मंगळवारी बैठकीत सगळ्यांपुढं बोलणार आहे, तू ये नाहीतर नको येऊस. पण तुझं शेत यंदा खंडानं द्यायचं का सावडीत घालायचं, हे मला कळलं पाहिजे, म्हणजे बैठकीत तुझ्या शेताचा दिवस धरता येईल. दारात यायला नको, भिंतीवरून बोल. नुसतं हो किंवा नाही म्हण. सोमवारी संध्याकाळपर्यंत. मी भिंतीपाशी आहे.